दांडा, काटा आणि कळ

मराठवाड्यात ‘फाटा’ म्हणजे गाव नव्हे, तरीही गावापेक्षा त्याला अधिक लोक ओळखतात. गाव आत कुठेतरी असते. फाट्यावर असतात ती हॉटेले, पंक्चरची दुकाने, पानटपऱ्या आणि एसटीची वाट पाहणारी माणसे. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा हा त्यांपैकीच एक. अकोल्याहून वाशीम-हिंगोलीमार्गे नांदेडला आणि पुढे तेलंगणात उतरणारा रस्ता येथे नागपूर-यवतमाळ-हदगावकडून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्याला मिळतो. पहिल्याला आता १६१ आणि दुसऱ्याला ३६१ असे राष्ट्रीय महामार्गाचे क्रमांक आहेत. लोक मात्र ‘हिंगोली रोड’ आणि ‘हदगाव रोड’ एवढेच म्हणतात.

अशा फाट्यावर मोटारीच्या इतिहासातले कितीतरी टप्पे एकाच वेळी उभे असतात. सोयाबीन किंवा हळद घेऊन निघालेला ट्रॅक्टर, दार दोरीने बांधलेली काळी-पिवळी, मोटारसायकली, आणि त्यांच्याच रांगेत चालकासमोर हातभर रुंद पडदा असलेली नवी कोरी गाडी. ह्या पडद्यावर ‘इको’, ‘सिटी’, ‘स्पोर्ट’ अशी अक्षरे उमटतात. काही गाड्यांत चिखल, वाळू आणि बर्फ अशी चित्रेही. गाडी घेणाऱ्याला विक्रेता ही सगळी चित्रे पाच मिनिटांत दाखवून मोकळा होतो. पुढे मालक त्यांतले एकच वापरतो, किंवा गाडी सुरू केल्यावर जे आपोआप लागते त्यावरच वर्षे काढतो. त्यात त्याचा आळस कमी आणि त्या शब्दांचा दोष अधिक, असे मला वाटते. प्रत्येक शब्द पूर्वीच्या कुठल्यातरी हाताच्या किंवा पायाच्या कृतीच्या जागी आलेला आहे. ती कृती कोणती हे ठाऊक नसेल तर शब्द पोकळ राहतो. प्रस्तुत लेखात त्या कृतींचाच थोडा माग काढायचा आहे.

‘डॅशबोर्ड’ हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. घोडागाडी धावू लागली की घोड्याच्या टापांनी उडवलेला चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येई. तो अडवण्यासाठी पुढे जी आडवी फळी किंवा चामड्याचा पडदा लावत, त्याला इंग्रजीत हे नाव होते. म्हणजे मूळच्या डॅशबोर्डावर वाचण्यासारखे काहीच नव्हते. घोडा दमला आहे हे त्याच्या मानेवरून कळे, चाक कुरकुरते आहे हे कानाला कळे. मोटार आली, घोडा गेला, फळी तेवढी राहिली. आणि घोड्याच्या अंगावर जे दिसत असे ते आता त्या फळीवर काट्यांनी दाखवावे लागले.

वेगाचा काटा ही त्यांतली पहिली मोठी गोष्ट. ओटो शुल्त्से ह्या जर्मन अभियंत्याने १९०२ साली त्याचे पेटंट घेतले. युक्ती मोठी देखणी होती. चाकाबरोबर फिरणारी तार एका चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती त्याला न शिवणारी धातूची एक वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊन तीही ओढली जाते, आणि एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ह्या ओढाताणीत वाटी जेथे स्थिर होते तेथे काटा थांबतो. नंतर जवळजवळ ऐंशी-नव्वद वर्षे जगातल्या बहुतेक गाड्यांचा वेग ह्याच वाटीने सांगितला. तार तुटली की काटा शून्यावर पडे. काळी-पिवळीचे किंवा जुन्या ट्रकचे चालक अशा मेलेल्या काट्यासह वर्षानुवर्षे गाडी हाकत, आणि वेग एंजिनाच्या आवाजावरून ओळखत. काटा मेला तरी गाडी चालते, कारण काटा फक्त सांगतो, करत काही नाही. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

हिंगोलीचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी काम सुरू केले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघून हिंगोली जिल्हा झाला. ह्याच १९५६ साली वजनमापांचा नवा कायदा होऊन मैल गेले व किलोमीटर आले. जुन्या गाड्यांच्या तबकड्या मात्र मैलांतच बोलत राहिल्या. (आपण अजूनही ‘किलोमीटरचा दगड’ म्हणत नाही, मैलाचाच म्हणतो.)

मात्र ‘मोड’ हा जो आपला विषय आहे त्याचे खरे मूळ जीपमध्ये सापडते. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत १९४१ पासून विलिस कंपनीने ही गाडी बनवली, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईच्या महिंद्र कंपनीने ती भारतात जोडायला घेतली. त्यानंतरची काही दशके तहसीलदार, पाटबंधारे खाते, निवडणुकीच्या पेट्या आणि साखर कारखान्याचे अध्यक्ष हे सारे जीपमधूनच खेडोपाडी पोचले.

जीपच्या तळातून एक नव्हे, तीन दांडे वर आलेले असत. पहिला नेहमीचा गिअरचा. दुसरा पुढच्या आसाला एंजिनाची ताकद जोडणारा किंवा तोडणारा. तिसरा ‘हाय’ आणि ‘लो’ यांतला. ‘लो’मध्ये चाकांचा वेग सुमारे निम्म्यावर येई आणि ओढ जवळजवळ दुप्पट होई. चालकाचे कसब दुसऱ्या दांड्याशी लागे. जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या आसांच्या मधे डिफरन्शियल नसे. वळण घेताना पुढची चाके मागच्यांपेक्षा थोडे अधिक अंतर कापतात. दोन्ही आस एकमेकांना घट्ट जोडलेले असतील तर हा फरक कुठेतरी निघून जायला हवा. चिखलात किंवा वाळूत चाक किंचित घसरते आणि फरक निघून जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही. मग टायर घासतात, स्टिअरिंग जड होते आणि ताण दांतेचक्रांत साठतो. म्हणून चारही चाके जोडायची ती फक्त सैल जमिनीवर, आणि पक्की सडक लागताच आठवणीने सोडवायची. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती जीप देत नसत.

गंमत अशी की, हे ज्ञान गाडीवरच लिहिलेले होते. युद्धकालीन जीपच्या फळीवर धातूच्या पट्ट्या रिव्हेटने ठोकलेल्या असत. त्यांवर दांड्यांची आकृती आणि कोणत्या गिअरात जास्तीत जास्त किती वेग चालेल याचा तक्ता असे. सर्वांत वरच्या गिअरसाठी ६५ मैल असा आकडा होता. पट्टी ‘चिखल मोड’ असे काही म्हणत नसे. ती फक्त सांगे की ह्या दांड्याने अमुक होते. रस्ता चिखलाचा आहे की नाही, हे ठरवणे चालकाकडे.

जीपइतकीच, किंबहुना हिंगोलीच्या शिवारात जीपपेक्षाही अधिक महत्त्वाची शाळा ट्रॅक्टरची. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया १९६३ मध्ये स्थापन झाली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ हा तिचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. ट्रॅक्टरचा तक्ता नीट पाहिला आहे का? त्यावर सर्वांत मानाचा आकडा किलोमीटरचा नसतो, तासांचा असतो. यंत्र किती धावले याला शेतात अर्थ नाही, किती राबले याला आहे. तेल बदलायचे ते तासांवर, आणि जुना ट्रॅक्टर विकत घेताना विचारायचे तेही तासच. त्यातही जुन्या यांत्रिक मीटरचा तास घड्याळाचा तास नसे. एंजिन ठरावीक फेऱ्यांवर फिरत असेल तरच त्याचा तास साठ मिनिटांत भरे. एंजिन मंद फिरत असेल तर मीटरही मंद. मजुरीच्या हिशेबाला हे माप घड्याळापेक्षा न्याय्य म्हणावे लागेल!

फेऱ्यांच्या तबकडीवर आणखी एक खूण असते, ५४० ची. ट्रॅक्टरच्या मागून निघणारा जो दांडा मळणी यंत्राला किंवा रोटाव्हेटरला फिरवतो, त्याने मिनिटाला ५४० फेऱ्या घ्याव्यात असे जगभर ठरलेले आहे. काटा त्या खुणेवर आणून ठेवायचा आणि मग मळणीला हात घालायचा. येथे काटा आणि काम यांचे नाते सरळ आहे, मधे कोणी दुभाष्या नाही. ट्रॅक्टरवर हाय-लोचा दांडा आहेच. तेव्हा ज्याला आज ‘ड्राइव्ह मोड’ म्हणतात ते मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नवे नाही. तो ते साठ वर्षे हाताने लावत आला आहे.

शहरी मोटारीकडे मी थोडक्यातच वळतो. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, आणि अॅम्बॅसडर ह्या दोहोंत गिअरचा दांडा बरीच वर्षे स्टिअरिंगच्या दांडीला होता आणि समोरच्या फळीत चोकची कळ होती. थंडीत सकाळी चोक ओढायचा, म्हणजे हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवायचे, आणि एंजिन तापले की कळ हळूहळू आत ढकलायची. विसरले तर प्लग काळे पडत, धूर येई, पेट्रोल जाई. हाही एक मोडच, आणि त्यातून परत आणणारा चालकच. प्रदूषणाचे नियम २००० पासून कडक होत गेले, कार्ब्युरेटर गेला, इंधन मोजून आत सोडणारी संगणकाची पेटी आली आणि चोक तिच्या पोटात नाहीसा झाला. त्याबद्दल कोणी शोक केल्याचे ऐकिवात नाही, करण्याचे कारणही नाही.

इंधन वाचवण्याची शिकवण दुचाकीवाल्यांनी अधिक मनावर घेतली. बजाजच्या स्कूटरच्या वेगाच्या तबकडीवर कोणत्या गिअरात कुठवर जावे याच्या खुणा असत. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना १९७८ पासून ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने गाडी चालवा असे सांगत आली. पुढे टीव्हीएसच्या काही मोटारसायकलींवर ‘इकॉनॉमी’ आणि ‘पॉवर’ असे दोन दिवे आले. मूठ जास्त पिळली की हिरवा विझून दुसरा लागे. आणि २००६ च्या अखेरीस बजाजच्या पल्सरवर अंकांत वेग दाखवणारा पडदा आला. आपल्याकडच्या तालुक्यांतल्या तरुणांनी काट्याऐवजी आकडा प्रथम पाहिला तो कुठल्या विलायती मोटारीत नव्हे, ह्या पुण्याच्या मोटारसायकलीवर. दिव्याने सल्ला द्यायचा आणि मुठीने तो पाळायचा वा धुडकावायचा, एवढाच तेव्हाचा व्यवहार होता. दिवा मुठीच्या आड येत नसे.

तो आड आला तार गेल्यानंतर. पूर्वी पायाखालचे अॅक्सिलरेटरचे पेडल तारेने थेट एंजिनाच्या झडपेला बांधलेले असे; पाय जितका खाली, झडप तितकी उघडी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूच्या एका महागड्या गाडीत ही तार काढून टाकली गेली. पेडल आता फक्त आपली स्थिती संगणकाला कळवते आणि झडप किती उघडायची ते संगणक ठरवतो. पाय आणि एंजिन यांच्यामध्ये एक दुभाष्या येऊन बसला. आणि दुभाष्या आला म्हणजे त्याला निरनिराळ्या प्रकारे भाषांतर करायला सांगता येते! आजचे मोड म्हणजे मुख्यतः हेच.

‘स्पोर्ट’मध्ये पेडल थोडे दाबले तरी ते पुष्कळ दाबले असे समजले जाते, ‘इको’मध्ये पुष्कळ दाबले तरी थोडे. स्वयंचलित गिअर असतील तर स्पोर्टमध्ये गिअर उशिरा बदलतो, इकोमध्ये लवकर. स्टिअरिंग विजेवर चालणारे असेल तर काही गाड्यांत तेही जड वा हलके केले जाते, आणि इकोमध्ये वातानुकूलन थोडे आखडते घेतले जाते. अनेक गाड्यांत पेडल तळापर्यंत दाबले की कोणत्याही मोडमध्ये एंजिन तेवढीच ताकद देते. काहींत इकोमध्ये ताकदीलाच मर्यादा असते. म्हणजे पहिल्या प्रकारच्या गाडीत इकोने नवे पेट्रोल कुठून येत नाही, उतावळ्या पायाला आवर बसतो एवढेच. ज्याचा पाय मुळात शांत आहे त्याला इकोचा लाभ थोडा. उलट ओव्हरटेक करताना इकोवर विसंबणारा आणि पेडल अर्धेच दाबणारा माणूस, गाडी ‘उठत नाही’ म्हणून समोरून येणाऱ्या ट्रकसमोर अडकू शकतो. अशा वेळी पडद्यावरचा हिरवा शब्द काही उपयोगाचा नाही. पाय पूर्ण दाबायचा असतो हे माहीत असावे लागते.

महाराष्ट्रात तयार झालेल्या गाड्यांपुरते पाहिले तर टाटांच्या ‘झेस्ट’ने २०१४ मध्ये पेट्रोल गाडीत इको, सिटी आणि स्पोर्ट असे तीन मोड आणले व ही भाषा सामान्य खरेदीदारापर्यंत पोचवली. ‘सिटी’ हा त्यातला मूळ मोड. हे नाव कोणी ठेवले ते सांगता येणार नाही, पण त्याची कल्पना पुण्या-मुंबईच्या पुढे फारशी गेली नसावी. हदगावहून वारंग्याकडे निघालेली गाडीही सिटीतच असते, आणि पाणंदीतून शेतावर चाललेलीही.

महिंद्रने २०२१ मध्ये ‘एक्सयूव्ही ७००’च्या डिझेल गाडीत ‘झिप’, ‘झॅप’ आणि ‘झूम’ अशी नावे दिली. ही नावे कानाला खेळकर लागतात, अर्थाला मात्र पाय नाहीत. यांत सौम्य कोणता? इंग्रजीत ‘झिप’ म्हणजे सपाट्याने जाणे. आणि येथे तोच सर्वांत शांत मोड. जीपवरच्या पट्टीने काय होते ते सांगितले होते. ही नावे काय वाटावे ते सांगतात. ज्या कंपनीने ‘हाय’ आणि ‘लो’ पिढ्यान्‌पिढ्या शिकवले तिनेच हे करावे याचे मला नवल वाटते.

मातीच्या मोडांची गोष्ट अधिक गंभीर आहे. लँड रोव्हरने २००४ मध्ये ‘डिस्कव्हरी ३’ गाडीत एक गोल खटका बसवला. रस्त्याचा प्रकार निवडला की एंजिन, गिअर, ब्रेक आणि डिफरन्शियल यांची जुळणी गाडी स्वतः करी. २००८ मध्ये टाटांनी ती कंपनी विकत घेतली, आणि २०१९ च्या ‘हॅरियर’मध्ये ‘नॉर्मल’, ‘वेट’ व ‘रफ’ असा खटका आला. पण त्या हॅरियरची ताकद पुढच्या दोनच चाकांना जाते. जोडायला दुसरा आस नाही, ‘लो’ नाही. खटका मुख्यतः घसरणारे चाक केव्हा आणि किती आवरायचे हे बदलतो. उपयोग आहे, पण तो जीपच्या तिसऱ्या दांड्याचा उपयोग नव्हे. दिसायला दोन्ही एकाच कुळातले, म्हणून फसगत होते.

आपल्याकडची काळी माती येथे परीक्षा घेते. पावसाळ्यात ती फुगते, चिकट होते आणि टायरच्या खाचांत बसून टायर गुळगुळीत करून टाकते. अशा वेळी चाक थोडे जोरात फिरले तरच खाचांतली माती फेकली जाते. म्हणून ‘वेट’ आणि ‘चिखल’ हे मोड वरवर सारखे वाटले तरी वृत्तीने उलट आहेत. ओल्या डांबरासाठीचा मोड सर्वसाधारणपणे चाक जरा घसरले की लगेच आवरतो. चिखलाचा मोड त्याला थोडे घसरू देतो. ‘पाऊस आहे, सारे ओले आहे’ म्हणून पाणंदीत ‘वेट’ लावणाऱ्याची गाडी नेमकी तेथेच बसते, आणि तिला ओढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. २०२२ च्या ‘स्कॉर्पिओ-एन’ला मात्र चारही चाकांची जोड आणि खरा ‘लो’ मिळतो, बटणावर. तिच्या खटक्यात चिखल आणि वाळू यांच्या जोडीला बर्फही आहे. हिंगोली जिल्ह्यात बर्फ आढळतो तो रसवंतीत. तरी तो मोड अगदीच वाया नाही, कारण तो प्रत्यक्षात निसरड्या पृष्ठभागासाठी पाय हलका करणारा मोड आहे आणि गवतालाही चालतो. पण चित्र बर्फाचे म्हटल्यावर त्याला हात कोण लावणार?

आता राहिला पडदा. पडद्याबाबत एक गोष्ट ध्यानात घ्यावी : तो दाखवतो ते मोजमाप असेलच असे नाही, पुष्कळदा तो निवाडा असतो. जुन्या गाडीचा तापमानाचा काटा घाटात खरोखर चढे आणि उतारावर उतरे. पुष्कळ नव्या गाड्यांत तो मुद्दाम मधोमध खिळवून ठेवलेला असतो; पाणी बऱ्यापैकी कमीजास्त तापले तरी हलत नाही, आणि हलतो तेव्हा थेट धोक्याकडे. कित्येक लहान गाड्यांत तर काटाच नाही, थंड एंजिनाला निळा दिवा आणि तापलेल्याला लाल. उरलेल्या पेट्रोलात ‘अजून किती किलोमीटर’ हा आकडा म्हणजे मागच्या काही अंतराच्या सरासरीवरून केलेला अंदाज असतो. ट्रॅक्टरमागून रांगत आल्यावर तो घटतो आणि मोकळ्या सडकेवर पेट्रोल न भरताच वाढू शकतो. वेगाचा आकडाही सरळ नव्हे. युरोपातील नियमानुसार तो खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी दाखवता येत नाही, थोडा जास्त चालतो. म्हणून कारखाने तो थोडा वरच ठेवतात. मोबाइलवरच्या नकाशात ९५ आणि समोर १०० दिसले तर दोघांपैकी कोणी बिघडलेले नाही.

१ जुलै २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींना वेगाची सूचना देणे बंधनकारक झाले : ८० च्या वर थोड्या थोड्या वेळाने टुकटुक, १२० च्या वर अखंड. २०१८ च्या अधिसूचनेने चौपदरी महामार्गावर मोटारींची कमाल मर्यादा १०० ठरवली आहे, म्हणजे नियमात राहूनही गाडी टोकत राहते. लोक कंटाळतात आणि वर्कशॉपमध्ये जाऊन तो आवाज बंद करता येईल का विचारतात. मला तो आवाज मोडांपेक्षा प्रामाणिक वाटतो. त्याला नाव नाही, रंग नाही. वेग ८० च्या वर गेला आहे, एवढेच तो सांगतो.

जीपचा दांडा लोक शिकले ते पुस्तकातून नाही. चालकाच्या शेजारी क्लीनर बसे (त्याचाच पुढे ‘किन्नर’ झाला), आणि वर्ष-दोन वर्षे पाने-हातोडे देता देता केव्हा कोणता दांडा ओढायचा हे त्याच्या अंगी मुरे. उस्तादाने दिलेली ती विद्या शब्दांत फारशी नव्हतीच. मोटार घरची झाली, चालक आणि क्लीनर दोघेही गेले, आणि त्यांच्या जागी हातपुस्तिका आली. ती इंग्रजीत असते, दोन-अडीचशे पानांची, आणि गाडीच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीतच राहते. फाट्यावर दहा-बारा वर्षांचा मुलगा बापाला पडद्यावर बोट ठेवून ‘हे दाबा’ म्हणताना दिसतो, आणि बाप, ज्याने ट्रॅक्टरवर हजारो तास ५४० च्या खुणेवर काटा धरून ठेवला आहे, निमूटपणे ते दाबतो.